झाडावरून लोंबणारा निवडुंग : रॅट टेल कॅक्टस आणि त्याची घरगुती जोपासना

मेक्सिकोच्या पूर्व आणि दक्षिण भागांतील डोंगराळ जंगलांत, म्हणजे हिदाल्गो, प्वेब्ला, व्हेराक्रूझ आणि वाहाका या राज्यांत, मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवरून आणि खडकांच्या कपारींतून खाली लोंबत वाढणारी निवडुंगाची एक जात आढळते. तिची खोडे बोटभर जाडीची, क्वचित त्याहूनही बारीक असतात, लांबीने मात्र मीटरभर आणि कधी त्याहूनही अधिक वाढतात. त्यांवर पिवळसर तपकिरी केसाळ काट्यांचे दाट आवरण असते आणि वसंत ऋतूत याच खोडांवर गडद गुलाबी, किंचित जांभळट झाक असलेली फुले एकाच वेळी मोठ्या संख्येने उमलतात. वनस्पतिशास्त्रात या जातीला ॲपोरोकॅक्टस फ्लॅजेलिफॉर्मिस असे म्हणतात; रोपवाटिकांत ती रॅट टेल कॅक्टस या इंग्रजी नावानेच विकली जाते. टांगत्या कुंडीत लावण्याजोग्या फुलझाडांत या वनस्पतीचे स्थान वरचे आहे. तरीही ती अनेक घरांत वर्षानुवर्षे फुलाविना लोंबत राहते किंवा पहिल्याच पावसाळ्यात कुजून जाते, आणि याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. निवडुंग म्हणजे वाळवंटातील झाड अशी समजूत करून घेऊन तिची निगा राखली जाते.

कॅक्टेसी कुळातील पुष्कळ जाती रुक्ष प्रदेशांत वाढतात हे खरे असले, तरी या कुळाची एक मोठी शाखा जंगलात, झाडांच्या आधाराने जगते. दुसऱ्या झाडाच्या फांदीवर मुळे रोवून वाढणाऱ्या, परंतु त्या झाडाकडून अन्न किंवा पाणी न घेणाऱ्या वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. आंब्यावरील बांडगूळ यजमान झाडाच्या ऊतकांत शिरून त्याचा रस शोषते, म्हणून ते परोपजीवी ठरते. सह्याद्रीतील झाडांवर फुलणाऱ्या आमरी मात्र केवळ आधार घेतात, म्हणून त्या अपिवनस्पती होत. रॅट टेल कॅक्टस या दुसऱ्या गटात मोडतो. फांदीच्या बेचक्यात साचलेला पालापाचोळा, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा एवढ्यावर त्याची मुळे पोसली जातात. तेथे पाऊस वारंवार पडतो, पण पाणी क्षणभरही साचून राहत नाही. डोक्यावर पानांचे छत असल्याने ऊन गाळून येते आणि हवा सतत खेळती राहते. घरातील कुंडीत नेमक्या याच तीन गोष्टी साधाव्या लागतात. पाण्याची, उन्हाची आणि मातीची पुढील सगळी पथ्ये त्यांतूनच निघतात.

मराठी वाचकाला या वनस्पतीचे दोन जवळचे नातेवाईक आधीच परिचित आहेत. सांगली आणि सोलापूरकडील शेतकरी सिमेंटच्या खांबांवर चढवून ज्याची लागवड करतात ते ड्रॅगन फ्रूट आणि पावसाळ्यात एका रात्रीपुरते फुलणारे, घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून पूजले जाणारे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, हे दोन्ही कॅक्टेसी कुळाच्या हायलोसेरी या गणातील, म्हणजे कुळाच्या आतील ज्या लहान समूहात रॅट टेल कॅक्टसही येतो, त्याच समूहातील आहेत. (हिमालयात आढळणारे ब्रह्मकमळ ही सूर्यफुलाच्या कुळातील सर्वस्वी वेगळी वनस्पती आहे.) ड्रॅगन फ्रूटच्या खोडांना जागोजागी फुटणारी आणि खांबाला घट्ट धरून ठेवणारी हवाई मुळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा समूह मुळात वृक्षांवर चढणारा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. याउलट कुंपणाला लावले जाणारे तीनधारी निवडुंग दिसायला काटेरी आणि मांसल असले, तरी ते एरंडाच्या कुळातील आहे. ते मोडले की पांढरा चीक गळतो, खऱ्या कॅक्टसच्या या गटात तो नसतो. खऱ्या कॅक्टसची पक्की खूण म्हणजे ॲरिओल, म्हणजे खोडावरील लहानशी लोकरी गादी, जिच्यातून काटे, फुले आणि नव्या फांद्या फुटतात. रॅट टेल कॅक्टसच्या खोडावर आठ ते तेरा बुटक्या धारा असतात आणि प्रत्येक धारेवर या गाद्या अगदी जवळजवळ बसलेल्या असल्यामुळे काटे वेगवेगळे दिसत नाहीत, तर सगळे खोडच केसाळ भासते.

ही जात युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली आणि तेथील उबदार काचघरांत लवकरच रुळली. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये तिला कॅक्टस फ्लॅजेलिफॉर्मिस, म्हणजे चाबकासारखा निवडुंग, असे नाव दिले. लंडनमध्ये विल्यम कर्टिस यांनी १७८७ साली सुरू केलेल्या बोटॅनिकल मॅगझिनच्या पहिल्याच खंडात तिचे रंगीत चित्र आहे. सोबतच्या मजकुरात फिलिप मिलर या चेल्सी येथील उद्यानतज्ज्ञाची पद्धत सांगितली आहे, ती अशी की खोडाचे तुकडे कोरड्या जागी दोन-तीन आठवडे वाळवावेत, मग माती आणि जुन्या बांधकामाचा चुनखडा यांच्या मिश्रणात लावावेत आणि कुंडीच्या तळाशी दगड घालावेत. कलम वाळवण्याचा आणि पाण्याचा निचरा राखण्याचा यातील भाग सव्वादोनशे वर्षांनंतरही जसाच्या तसा लागू पडतो. चुनखड्याची शिफारस मात्र आज कोणी करणार नाही, कारण पालापाचोळ्यात वाढणाऱ्या या झाडाला किंचित आम्लधर्मी माध्यम मानवते. त्या काळी हे झाड कोणत्या जमिनीतून नव्हे तर कोणत्या फांदीवरून आले आहे याची कल्पना युरोपातील माळ्यांना फारशी नव्हती.

शास्त्रीय नावाचा प्रवासही सरळ झाला नाही. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल लमेर यांनी १८६० मध्ये या जातीसाठी ॲपोरोकॅक्टस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. पुढे १९९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट यांनी ती डिसोकॅक्टस या प्रजातीत विलीन केली आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनंतर तिला पुन्हा जुने नाव मिळाले. त्यामुळे पुस्तकांत आणि कुंडीवरच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही नावे आढळतात. झाड मात्र एकच असते. खरेदी करताना घोटाळा होतो तो दुसऱ्याच कारणाने. बोलिव्हियातील उभ्या कड्यांवर वाढणारा, पांढऱ्या लांब केसांचा आणि लाल फुलांचा मंकी टेल कॅक्टस हाही टांगत्या कुंडीत विकला जातो आणि पुष्कळदा दोन्ही एकाच नावाखाली खपवले जातात. मंकी टेलची खोडे जाडजूड असून त्यांवरील केस मऊ असतात; रॅट टेलची खोडे सडपातळ असतात आणि त्यांचे काटे दिसायला निरुपद्रवी असले तरी हाताला टोचून तुटतात व बोटात रुतून बसतात.

या वनस्पतीच्या शरीरक्रियेतील एक गोष्ट तिच्या जोपासनेशी थेट निगडित आहे. बहुतेक झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरील अतिसूक्ष्म छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वेळी त्या छिद्रांतून पुष्कळ पाणी बाष्परूपाने गमावतात. निवडुंगाच्या कुळात हे काम पानांऐवजी हिरवे खोड करते आणि ते रात्री करते. रात्रीच्या गारव्यात छिद्रे उघडून घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवला जातो, दिवसा छिद्रे बंद ठेवून त्याच आम्लातून तो पुन्हा मोकळा केला जातो आणि उन्हाच्या साहाय्याने त्याची साखर बनते. वाळवंटातील निवडुंगाला हे तंत्र का हवे हे उघड आहे; पण दमट जंगलातील झाडालाही ते लागते, कारण फांदीवर माती नसते आणि पाऊस थांबल्यावर काही तासांतच तेथे कोरड पडते. या व्यवस्थेचा व्यावहारिक अर्थ असा की अशा झाडाला दिवसाच्या उन्हाइतकाच रात्रीचा गारवाही महत्त्वाचा असतो. रात्रभर उकाडा आणि बंद खोली अशा ठिकाणी ते जगते, पण फोफावत नाही.

फुलांचा प्रश्नही गारव्याशीच येऊन ठेपतो. नाताळच्या सुमारास फुलणारा ख्रिसमस कॅक्टस ब्राझीलच्या डोंगरांतला असून तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतो, म्हणजे रात्र पुरेशी मोठी झाली की त्याला कळ्या धरण्याची सूचना मिळते. रॅट टेल कॅक्टसच्या बाबतीत हिवाळ्यातील विश्रांती निर्णायक ठरते. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात त्याला थंड रात्री, भरपूर उजेड आणि अत्यंत कमी पाणी मिळाले, तर फेब्रुवारीत खोडांवरील गाद्यांतून लहान लालसर ठिपके दिसू लागतात आणि त्यांच्या कळ्या होतात. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले तर उत्तम. ही अट पाहिली की महाराष्ट्राचे या झाडापुरते सरळ दोन भाग पडतात. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, महाबळेश्वर आणि एकूण पठारी भागात ती निसर्गतःच पूर्ण होते, तर मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर ती क्वचितच पूर्ण होते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कुंडी घरातील सर्वांत हवेशीर आणि गार कोपऱ्यात ठेवून, पाणी तोडून प्रयत्न करायला हरकत नाही. मात्र मेक्सिकोतील छायाचित्रांसारखा बहर तेथे येईल अशी अपेक्षा धरू नये. त्या हवेत ब्रह्मकमळच अधिक समाधान देते, कारण ते उबदार आणि दमट दिवसांतच फुलते.

फूल जवळून पाहण्यासारखे असते. ते पाच ते आठ सेंटिमीटर लांब, नळीसारखे असते आणि बहुतेक निवडुंगांची फुले चहूबाजूंनी सारखी असतात तसे नसते. नळी बुडाशी वाकलेली असते, बाहेरील पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि पुंकेसरांचा पांढरट जुडगा एका बाजूने पुढे आलेला असतो. फूल मधोमध उभे कापले तरच त्याचे दोन सारखे भाग होतात. अशा रचनेला द्विपार्श्व सममिती म्हणतात. या घडणीमागे हमिंगबर्ड आहे. हा पक्षी फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब चोचीने मध पितो आणि त्या वेळी बाहेर आलेले पुंकेसर त्याच्या डोक्याला परागकण लावतात. लालसर गुलाबी रंग आणि नळीच्या तळाशी साठलेला मध ही दोन्ही त्याच्यासाठीची आमंत्रणे आहेत, आणि फूल ब्रह्मकमळाप्रमाणे एका रात्रीत न मिटता दिवसाढवळ्या तीन-चार दिवस उघडे राहते तेही याच कारणाने. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाहीत, त्यामुळे भारतातील कुंडीवर फळे धरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिंजीर पक्षी एखाद्या गॅलरीत या फुलांशी झटापट करताना दिसला तर ती अनपेक्षित भेट समजावी.

आता कुंडीविषयी. भारतातील लागवडीत सर्वाधिक झाडे चुकीच्या मातीने मरतात. देशावरची काळी माती पाण्याने फुगते, ओलावा धरून ठेवते आणि सुकल्यावर भेगाळून नाजूक मुळे तोडते, म्हणून ती या झाडाच्या कुंडीत मुळीच असू नये. दुसऱ्या टोकाला, कॅक्टस मिक्स म्हणून विकले जाणारे जवळपास निव्वळ वाळूचे मिश्रणही योग्य नाही, कारण त्यात सेंद्रिय अंश नसतो आणि जंगलातील हे झाड उपाशी राहते. चांगला कुजलेला पालापाचोळा दोन भाग, नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे एक भाग आणि जाड वाळू किंवा परलाइट एक भाग, त्यात मूठभर कोळशाचे तुकडे, एवढे पुरते. कुंडी खोल असण्यापेक्षा पसरट असावी, कारण मुळे वरच्या थरातच राहतात. खोल कुंडीच्या तळाशी ओल साचते आणि कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. सच्छिद्र मातीची कुंडी सर्वांत चांगली, पण ती टांगल्यावर जड होते, तेव्हा आधाराची कडी भिंतीत नव्हे तर छताच्या स्लॅबमध्ये पक्की केलेली असावी. टांगण्याची उंचीही विचारपूर्वक ठरवावी. येण्याजाण्याच्या वाटेवर, डोक्याच्या किंवा लहान मुलांच्या हाताच्या पातळीवर ही खोडे लोंबू देणे शहाणपणाचे नाही.

उजेड भरपूर आणि ऊन कोवळे हे सूत्र सांभाळावे. पूर्वेकडील गॅलरी आदर्श ठरते. सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन खोडांना मानवते आणि फुलांसाठी ते आवश्यकही असते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या उन्हात मात्र खोडे आधी तांबूस आणि मग पिवळट पडतात व भाजल्याचे डाग कायमचे राहतात. उलटपक्षी दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलेल्या झाडाची नवी वाढ बारीक, फिकट आणि सुतळीसारखी होते आणि अशा खोडावर फूल येत नाही.

पाण्याच्या बाबतीत वर्षाचे तीन कालखंड मानावेत. कळ्या दिसू लागल्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वरची दोन बोटे माती सुकली की कुंडी पूर्ण भिजेल इतके पाणी द्यावे आणि ते सगळे तळातून निघून जाऊ द्यावे. या काळात कळ्या लागलेली कुंडी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवू नये किंवा फिरवूही नये, कारण उजेडाची दिशा आणि तापमान अचानक बदलले की कळ्या गळतात. पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की आठवड्यातून एकदाही पाणी लागत नाही. कुंडी वळचणीखाली, पण वारा लागेल अशी ठेवावी. जून ते सप्टेंबर संततधार पावसात उघडी राहिलेली कुंडी बहुधा वाचत नाही, मेक्सिकोच्या जंगलात पाऊस पडत असला तरी. फांदीवर पाणी थांबत नाही आणि कुंडीत ते थांबते, हा फरक विसरता कामा नये. हिवाळ्यात खोडे सुरकुतणार नाहीत इतपतच, म्हणजे दोन-तीन आठवड्यांतून एकदा, थोडे पाणी पुरते. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार मातीत साचून वर पांढरा थर धरतात आणि मुळांना जाचतात, म्हणून शक्य तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. खत वाढीच्या काळातच, निम्म्या मात्रेत पातळ करून, महिन्यातून एकदा द्यावे आणि त्यात नत्रापेक्षा पालाशाचे प्रमाण अधिक असावे. नत्र जास्त झाले की खोडे लांबत जातात आणि फुले कमी होतात.

रोगकिडींपैकी लाल कोळी हा या झाडाचा खास शत्रू आहे. कोरड्या, वारा नसलेल्या उन्हाळ्यात तो काट्यांच्या आड वाढतो आणि खोडाचा हिरवा रंग जाऊन तेथे गंजासारखी तपकिरी खरखरीत साल दिसू लागते. हा डाग पुसला जात नाही, त्यामुळे उपाय आधीच करावा लागतो: उन्हाळ्यात सकाळी खोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारणे आणि कुंडीभोवती हवा खेळती ठेवणे. पिठ्या ढेकूण कापसासारख्या ठिपक्यांनी ओळखू येतो. थोडा असल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढता येतो, अधिक असल्यास निंबोळी तेलाची फवारणी करावी. सर्व काळजी घेऊनही झाड मलूल दिसत असेल तर ते कुंडीतून उपसून मुळे तपासावीत, कारण बुडाची कूज वरून उशिरा कळते आणि ती कळेपर्यंत पुष्कळदा खोडांची वरची टोके तेवढी वाचवता येतात.

सुदैवाने टोकांपासून नवे झाड करणे अगदी सोपे आहे. फुलांचा बहर ओसरल्यावर वीतभर लांबीचा निरोगी तुकडा कापून सावलीत आठवडाभर ठेवावा, म्हणजे कापलेल्या जागी कोरडी खपली धरते आणि बुरशी आत शिरत नाही. त्यानंतर तो किंचित ओलसर मिश्रणात दोन-तीन सेंटिमीटर खोल खोचावा, कापलेले टोकच खाली राहील याची काळजी घ्यावी आणि मुळे धरेपर्यंत पाणी बेताने द्यावे. एका कुंडीत असे पाच-सहा तुकडे लावले की ती लवकर भरते. फुले बहुधा आदल्या हंगामात तयार झालेल्या खोडांवर येतात, म्हणून सरसकट छाटणी टाळावी. फार जुनी, तपकिरी पडलेली खोडे तेवढी बुडापासून काढावीत, म्हणजे नवी फूट येण्यास जागा होते. दर दोन वर्षांनी, फुले संपल्यावर, माती बदलणे इष्ट असते, कारण पालापाचोळा तोवर कुजून बारीक होतो आणि त्यातील हवा नाहीशी होते.

युरोपात एकोणिसाव्या शतकात ही बारीक खोडे उंच, सरळ वाढणाऱ्या दुसऱ्या निवडुंगाच्या शेंड्यावर कलम करून छत्रीसारखे झाड तयार करण्याची हौस होती आणि त्याच काळात इतर वननिवडुंगांशी या जातीचा संकर करून मोठ्या, लाल आणि नारिंगी फुलांच्या जातीही निर्माण झाल्या. त्या संकरित जाती अधिक चिवट असतात आणि ज्यांच्या हातून मूळ जात वारंवार दगावते त्यांनी त्या जरूर लावाव्यात, मात्र मूळ जातीचा नाजूक, सडसडीत डौल त्यांत उतरत नाही.

पहिल्यांदाच हे झाड लावणाऱ्याने रोपवाटिकेतील बहरलेली मोठी कुंडी विकत आणू नये. ती हरितगृहातील हवेला सरावलेली असते आणि घरी आल्यावर पुष्कळदा कळ्या गाळते. पठारी भागात राहणाऱ्याने एखाद्या ओळखीच्या बागेतून मे महिन्यात वीतभर खोड मागून घ्यावे आणि स्वतःच्या गॅलरीतील हवेतच ते वाढवावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या उन्हाळ्यात ते फुलावर येते.